बरणीची एकादशी

बांगड्याचे काटे काढायला स्वरूपाला आता बघावंही लागत नसे. बोटांना सवय झाली होती. मधला काटा अलगद उचलायचा, कडेचे बारीक काटे चिमटीत वेचायचे, मग कालवण भातात कुस्करायचं. आजही तिने तसंच केलं आणि ताट घेऊन ती सासूच्या खोलीकडे न वळता ओट्याच्या कोपऱ्याकडे वळली. कोपऱ्यात बरणी होती.

झाकण उघडताच खाऱ्या पाण्याचा वास आला, ओहोटीला भाट्याच्या खाडीवर येतो तसा. स्वरूपाने भात आत लोटला. तळाची पाती एकदा गरकन फिरली, कालवणाचा लाल रंग पिवळसर रसात मिसळला आणि झाकणावरचा दिवा हिरवा झाला. दुपारपर्यंत या मासे-भाताचं निवळीसारखं पातळ पाणी होणार होतं. ते तोटीतून पिशवीत भरायचं, पिशवी पलंगाशेजारच्या खुंटीला अडकवायची आणि नळीचं टोक प्रभावतीबाईंच्या पोटावर बसवलेल्या झडपेला जोडायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सणवार नाही, माहेर नाही, ताप आला म्हणून सुट्टी नाही.

बरणी देणाऱ्या केंद्राच्या माहितीपत्रात तिचं नाव बाह्यजठर असं छापलेलं होतं. रत्नागिरीत त्या नावाने तिला कोणी ओळखत नव्हतं. लोणच्याच्या बरणीएवढी वस्तू. तिला बरणी नाही तर काय म्हणायचं? ज्यांचं जठर, स्वादुपिंड किंवा आतड्याचा तुकडा डॉक्टरांनी काढून टाकलाय, ज्यांना स्वतःचं अन्न स्वतः पचवता येत नाही, त्यांच्यासाठी हे शरीराबाहेरचं पोट होतं. आत कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, पोटातली विकरं भरलेली. विकरं म्हणजे अन्नाचे लांबलचक रेणू कातरून त्यांचे बारीक तुकडे करणारी द्रव्यं. स्वरूपाच्या गल्लीतच अशा चार बरण्या होत्या. मासळीबाजारात तर ‘बरणीचा वाटा’ म्हणून वेगळा ढीग लागायचा. मऊ पडलेले, डोळे आत गेलेले मासे, ज्यांना बघून माणसाने नाक मुरडलं असतं. बरणीला चवीचं काय, ती सगळ्याचं पाणीच करणार. स्वरूपा मात्र अजून ताजेच बांगडे आणत होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. मासे निवडायला तिला सासूनेच शिकवलं होतं, एवढंच.

प्रभावतीबाई शिवलकरांची एके काळी एसटी स्टँडमागे खानावळ होती. ड्रायव्हर, कंडक्टर, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, परीक्षेला आलेली पोरं, सगळी तिथे जेवायची. बाई स्वतः चुलीशी नसत, वाढपावर असत, आणि त्यांचा एक नियम होता. जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरला की एकदाच विचारायचं, “आणखी?” दुसऱ्यांदा विचारायचं नाही, आणि न विचारता वाढायचं तर मुळीच नाही. “पोट त्याचं आहे, आपलं नाही,” असं त्या वाढप्यांना बजावत. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढणाऱ्या बायका दिसल्या की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

तीन वर्षांपूर्वी त्यांचं स्वादुपिंड आणि अर्धंअधिक जठर काढावं लागलं. आता थोडेच दिवस, असं मोठ्या डॉक्टरांनी दिनेशला बाजूला घेऊन सांगितलं होतं. दिनेश, स्वरूपाचा नवरा, मस्कतला खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या कारखान्यात कामाला. तो त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडला होता. मग कोणीतरी या नव्या बरणीबद्दल सांगितलं आणि आई घरी आली. पहिलं वर्ष चमत्कारासारखं गेलं. बरणीत घालण्याआधी प्रत्येक पदार्थाचा एक चमचा प्रभावतीबाई जिभेवर घोळवत, आणि मग तस्तात थुंकून टाकत. “मीठ कमी.” “कोकम जास्त झालं गो.” “हा बांगडा कालचा दिसतो.” त्या कुरकुरीने घर भरलेलं असे. स्वरूपालाही बरं वाटे.

मग हळूहळू चमचा नको झाला. मग तोंड भिंतीकडे वळलं. आणि गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी स्वरूपा नळी घेऊन आली तेव्हा प्रभावतीबाईंनी झडपेवर हात आडवा ठेवला होता.

त्या हाताचा अर्थ स्वरूपाला तेव्हाच कळला. खानावळीत तीही पाच वर्षं वाढत होती, तिला कळणार नाही तर कोणाला? पण तिने न कळल्यासारखं केलं. हात उचलून बाजूला ठेवला, वरून दोनदा थोपटला, आणि नळी जोडली. तेव्हापासून रोज ती हेच करत होती. हात हलका होता, विरोध करत नसे. करता तर बरं झालं असतं, असं तिला कधीकधी वाटायचं.

त्या दिवशी दुपारी केंद्रातून नौशीन मुकादम आली. महिन्यातून एकदा बरणी तपासायला तीच यायची. कुठेही गेली तरी घरच्यासारखी वावरणारी मुलगी. चपला काढल्या, ओट्याशी गेली आणि बरणीतला एक थेंब कागदी पट्टीवर घेतला. पट्टी क्षणात जांभळी झाली.

“नव्यासारखी आहे काकी! बाकीच्यांची या वेळेपर्यंत निम्म्यावर येते.”

“माणसाच्या पोटातलं एवढं टिकत नाही ना?” स्वरूपाने चहाचं आधण ठेवत विचारलं. तिला फारसं जाणून घ्यायचं नव्हतं. पण दुसऱ्या कोणाशी बोलायची वेळ महिन्यातून एकदा येत होती.

“छे. आपल्या पोटातल्या रसाला आम्ल लागतं, अंगाची ऊब लागते. बाहेर काढला की संपलं. कुर्लीच्या पोटात आम्ल नसतंच. थोडं मीठ आणि गारवा मिळाला की तिची विकरं महिनोन्‌महिने काम करतात. म्हणून तर तिची निवडली. आता कुर्ल्या मारतही नाहीत, ती विकरं यीस्टच्या टाक्यांत वाढवतात.”

“मग ती मरतच नाहीत?”

“मरतात की. उपाशी ठेवली तर.” नौशीनने पट्टी पिशवीत टाकली. “बघा, ही विकरं म्हणजे कातऱ्या. प्रथिनं कापणाऱ्या. आणि स्वतःही प्रथिनांच्याच बनलेल्या. समोर कापायला काही असेपर्यंत ठीक. संपलं की एकमेकींना कापायला लागतात. आत्मपचन म्हणतो आम्ही. कोळंबी डोक्यासकट ठेवली की कशी पटकन मऊ पडते? तेच. तिचंच पोट तिला खातं. म्हणून सारखं सांगते, रोज मासा नाहीतर डाळ, नाहीतर दाण्याचं कूट, काहीतरी पडलंच पाहिजे.”

“पडतं गो. एकादशीलासुद्धा वरी आणि दाण्याची आमटी घालते.”

“तुमचं बघूनच मी दुसऱ्यांना सांगते.” नौशीन हसली आणि आत जाऊन आजींची नाडी, वजन, रक्ताचा थेंब बघून आली. चहा घेताना म्हणाली, “हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम. पोषण तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. अजून दहा वर्षं काही बघायला नको.”

स्वरूपाने बशी खाली ठेवली. तिला त्या क्षणी जे वाटलं त्याला आनंद म्हणता आलं नसतं. तिला भीती वाटली. दहा वर्षांनी ती स्वतः पासष्टीची असणार होती. आणि भीती वाटली म्हणून लगेच लाजही वाटली, इतकी की नौशीनच्या डोळ्यांत बघवेना.

“आणि त्यांना नको असेल तर?” तिने हळूच विचारलं.

नौशीनने कप विसळून पालथा घातला. “माझ्याकडे त्याचं बटण नाही काकी,” ती म्हणाली. “मला चालू ठेवायला शिकवलंय.”

ती गेल्यावर स्वरूपाला आपले आजोबा आठवले. माहेरी पावसला, ती शाळेत असताना, आजोबांनी एके दिवशी पेजेची वाटी हाताने दूर सारली होती. दुसऱ्या दिवशीही. मग घरात कोणी काही मोठ्याने बोललं नाही, पण आत्या सासरहून आल्या, शेजारी येऊन बसू लागले, तोंडात चमचाभर पाणी घालण्यापुरतं प्रत्येकाला बोलावलं गेलं. म्हाताऱ्याने अन्न सोडलंय, एवढं म्हटलं की गावाला सगळं समजायचं. तोंड मिटणं हा माणसाचा शेवटचा अधिकार होता, आणि त्याला कोणी अधिकारही म्हणत नव्हतं. बरणीला तोंड लागतच नव्हतं.

संध्याकाळी पिशवी अडकवायला ती आत गेली तर प्रभावतीबाई जाग्या होत्या. हात झडपेवर होताच.

“उद्या निर्जळी एकादशी,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक पण स्वच्छ.

“हो आई. वरी करते आणि दाण्याची आमटी.”

“आमटी बरणीनं खायची आणि उपास मी केला म्हणायचा? तीन वर्षं हेच चाललंय. कुर्लीच्या पोटातून एकादशी करायची. देवाला हसू येत असेल.”

स्वरूपाला हसू आलं. कित्येक महिन्यांत सासू इतकं लांबलचक बोलली नव्हती.

“मला एक उपास करू दे गो, खराखुरा. पिशवी नको, पाणी नको. एकच दिवस.”

“डॉक्टर ओरडतील. आणि ह्यांना कळलं तर? दिवा बघतात ते.”

दिवा खरंच बघायचा दिनेश. बरणीचा दिवा त्याच्या फोनवरही दिसे. रोज कामावरून सुटला की तो फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, “दिवा हिरवा आहे, बघितलं मी. आई बरी आहे ना?” मग दोन मिनिटं आईला फोन दाखवायचा, म्हणजे आईकडे फोन धरायचा, आणि ती झोपल्यासारखी दिसली की “झोपू दे, झोपू दे” म्हणायचा. त्याचं आईवर प्रेम नव्हतं असं स्वरूपाला कधीच म्हणता आलं नसतं. त्या हिरव्या दिव्याच्या जिवावर तो परदेशात रात्री झोपू शकत होता.

“मग दिवा हिरवा ठेव,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “बरणीला घाल काय घालायचं ते. मला तेवढं सोड.”

स्वरूपाने हात उचलून बाजूला ठेवला आणि पिशवी जोडली. “उद्या नाही जोडणार,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनेही उपास धरला. सकाळी सासूचं अंग पुसलं, धुतलेलं पातळ नेसवलं, केसांना तेल लावलं. मग बरणीची आठवण झाली. फडताळात शेंगदाणे होते. ते भाजायचे, सोलायचे, कूट करायचं, आमटीला फोडणी द्यायची. कोण खाणार होतं ती आमटी? आज कोणीच नाही. बरणीत नुसता दिवा पेटता ठेवायचा होता. स्वरूपाने मूठभर साबुदाणा पाण्यात शिजवला, साखर घातली, आणि ती पेज बरणीत ओतली. पाती फिरली. दिवा हिरवा झाला.

नौशीनचं बोलणं तिला आठवलं नाही का? आठवलं. पेज ओतताना कानांत ‘काहीतरी पडलंच पाहिजे’ हे शब्द होते, आणि साबुदाणाही पडतोच आहे की, असं ती स्वतःला म्हणाली. उपासाला चालतं ते सगळ्याला चालतं. तिने मुद्दाम केलं की थकव्याने केलं, हे पुढे तिने स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. दर वेळी उत्तर वेगळं आलं.

तो दिवस मात्र विसरण्यासारखा नव्हता. पिशवी नाही, तोटी नाही, नळी उकळायची नाही. स्वरूपा पलंगाशेजारी चटईवर बसली आणि दोघी बोलत राहिल्या. एका कंडक्टरने भाकऱ्यांची पैज लावून खानावळीचं पीठ संपवलं होतं ती गोष्ट प्रभावतीबाईंनी सांगितली. दिनेश लहानपणी मिठाच्या बरणीत हात घालून मीठ चाटायचा ते सांगितलं. बाहेर मृगाआधीचा उकाडा होता, खिडकीतून समुद्राची वाफ आत येत होती. ओठ सुकले तेव्हा स्वरूपाने ओल्या कापडाचं टोक लावायला पुढे केलं, आणि बाईंनी मान हलवली. तिने एकदाच विचारलं, मग कापड ठेवून दिलं.

दुपारी तिला चटईवरच झोप लागली. उठली तेव्हा सासूचा हात पलंगावरून खाली लोंबत तिच्या केसांवर होता. इतकी शांत झोप तिला किती दिवसांत लागली नव्हती. आणि ही झोप कशामुळे लागली ते आठवून तिने सासूकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी दिनेशचा फोन आला. “दिवा हिरवा आहे, बघितलं मी.” आई त्या दिवशी जागी होती, त्याच्याकडे बघून हसलीसुद्धा. तो खूश झाला.

द्वादशीच्या सकाळी दिवा लाल होता.

स्वरूपाने झाकण उघडलं. खाऱ्या वासाऐवजी नासलेल्या अंड्यासारखा वास आला. साबुदाण्याचे दाणे अर्धवट विरघळून पांढरट चिकात तरंगत होते. रस पिवळा नव्हता, धुण्याच्या पाण्यासारखा गढूळ होता. फोन वाजायला लागला, मस्कतहून. तिने तो उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजतोय तोवर दारात नौशीन उभी होती, धापा टाकत. केंद्रालाही लाल दिवा दिसत असे.

तिने पट्टी बुडवली. पट्टी पांढरीच राहिली.

“काल काय घातलं होतं?”

“साबुदाणा.”

“दाण्याचं कूट?”

स्वरूपाची नजर फडताळातल्या दाण्यांकडे गेली.

नौशीनने सुस्कारा सोडला. रागावली नाही. “साबुदाणा कापणारी कातरी वेगळी असते काकी. ती बिचारी दिवसभर काम करत राहिली, म्हणून दिवा हिरवा दिसला. प्रथिनं कापणाऱ्यांना कामच नव्हतं. त्यांनी आधी तिला खाल्लं, मग एकमेकींना. मोठा उपास आला की दुसऱ्या दिवशी आमचे फोन थांबत नाहीत. माणसं बरणीलाही घरातलंच समजतात, तिलाही उपास घडवतात. केंद्रात नावच पडलंय, एकादशीचा बिघाड.” ती दाराकडे वळली. “खाली गाडीत नवी आहे. लगेच लावते. आजींना दुपारच्या आत काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर सलाइन लावायला न्यावं लागेल.”

ती जिना उतरून गेली. स्वरूपा ओट्याशी उभी राहिली. काल केलेला साबुदाणा बोटाने निवडावा तसा तिच्या मनात एकेक विचार वेगळा होत होता. नौशीन वर येईल. नवी बरणी ओट्यावर बसेल. दुपारी पिशवी भरेल. मग ती आत जाईल, तो हात उचलेल आणि बाजूला ठेवेल. तो हात पुन्हा उचलायचा नाही, एवढं मात्र तिला अगदी स्पष्ट कळलं. तेवढी ताकद आता तिच्यात उरली नव्हती.

ती आत गेली. प्रभावतीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. ओठांना भेगा पडल्या होत्या, डोळे मात्र जागे होते. तळहात झडपेवर आडवा.

स्वरूपा पलंगाच्या कडेला बसली. “आई,” ती म्हणाली, “आणखी?”

खानावळ बंद झाल्यापासून तो शब्द त्या घरात कोणी तसा उच्चारला नव्हता. प्रभावतीबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“किती उशिरा विचारलंस गो.”

“विचारायला भीती वाटत होती.” स्वरूपा रडू लागली. “नको म्हणालात तर काय करू? ह्यांना काय सांगू? लोक म्हणतील सुनेने उपाशी मारलं. आणि काल तुम्ही उपाशी होतात तर मी झोपले आई. शांत झोपले.”

“झोपलीस ते मी बघत होत्ये. बरं वाटलं मला.” त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “तुझ्यावर काही येणार नाही. तो फोन दे इकडे. वाजतोय मघापासून.”

पडद्यावर दिनेशचा चेहरा आला. कामाचं हेल्मेट डोक्यावर, कपाळावर घाम. “स्वरूपा, दिवा लाल का आहे? अगं, किती वेळ—” मग त्याला आई दिसली. “आई! घाबरू नको हां. केंद्राशी बोललोय मी. नवी लावतायत. दहा मिनिटांत दिवा हिरवा होईल.”

“दिवा नको बघू दिनू. माझ्याकडे बघ.”

“बघतोय की.”

“नाही बघत. तीन वर्षं दिवाच बघतोयस. शेवटचा घरी कधी आलास?”

तो आठवू लागला. “गणपतीत आलो होतो ना. गेल्या नाही, त्याच्या आधीच्या. सुट्टी मिळत नाही गो आई. आणि तू बरी असतेस, म्हणून...”

“तेच म्हणत्ये मी. मी बरी, म्हणून तुला घाई नाही. आणि तू येत नाहीस म्हणून मी बरी राहायची. हिला मधे ठेवलंय आपण दोघांनी.” त्या थांबल्या, श्वास घेतला. “माझं जेवण झालंय दिनू. पोटभर झालंय. ताटावर हात धरून बसल्ये केव्हाची.”

“आई, असलं काही बोलू नको. स्वरूपा, काय चाललंय तिथे?”

“तिला नको विचारू, मला विचार.” आवाजात खानावळीच्या वाढपावरची जुनी धार होती. “ऐक. ही केंद्रातली पोरगी नवी बरणी घेऊन आल्ये. मी लावू देत्ये.”

दिनेशने सुटकेचा श्वास सोडलेला इकडे ऐकू आला.

“तू येईस्तोवर,” प्रभावतीबाई पुढे म्हणाल्या. “तू ये. माझ्याजवळ बस. बाजारातून चांगला ताजा बांगडा आण, माझ्या जिभेला लाव. चार दिवस राहा. मग मी हात आडवा धरीन, आणि तो कोणी उचलायचा नाही. हिनं नाही, ह्या पोरीनं नाही, तूही नाही.”

त्याच्या मागे कुठेतरी पंपाची घरघर चालू होती. दिनेशने हेल्मेट काढलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण बोलला तो लहान मुलाच्या आवाजात.

“म्हणजे मी आलो की तू जाणार. आणि नाही आलो तर...”

“नाही आलास तर बरणी आहेच.”

नौशीन दारात उभी होती. नवी बरणी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आत यावं की थांबावं ते तिला कळत नव्हतं. स्वरूपाने तिच्याकडे बघितलं, मग फोनकडे. इतकी वर्षं या घरातल्या प्रत्येक प्रश्नाला तिनेच उत्तर शोधलं होतं. या प्रश्नाला ते तिला शोधायचं नव्हतं, आणि त्या जाणिवेने तिचे खांदे एकदम सैल पडले. ती सासूजवळ सरकून बसली.

“सांग ना दिनू,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “कधी येतोस?”